‘चक्कर येतेय’ या दोन शब्दांमागे काय काय असते

सोलापूरच्या कोणत्याही दवाखान्यात सकाळी केस पेपरच्या रांगेजवळ थोडा वेळ उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानांवर पडते : ‘सिस्टर, चक्कर येतेय.’ पूर्व भागात दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई हे वाक्य म्हणते, यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट आलेला कामगार म्हणतो, एकादशीच्या उपवासातही मधुमेहाची गोळी न चुकवणारे आजोबा म्हणतात आणि अंथरुणात कूस बदलताच जिला घर फिरल्यासारखे वाटते ती गृहिणीही म्हणते. शब्द एकच असला, तरी चौघांच्या शरीरात चार निरनिराळ्या गोष्टी घडत असतात. चौघांनीही औषधांच्या दुकानातून ‘चक्करची गोळी’ नेली, तर एखाद्याला थोडा उतार पडेल, दोघांना काहीच फरक पडणार नाही आणि आजोबांचा जीव धोक्यात येईल.

परिचारिका म्हणून वॉर्डात काढलेल्या वर्षांत मला सर्वांत उशिरा आणि सर्वांत पक्की कळलेली गोष्ट हीच आहे, की रुग्ण सांगतो ते लक्षण म्हणजे आजाराचे नाव नव्हे. ते केव्हा सुरू झाले, त्या वेळी नाडी, श्वास, रक्तदाब, साखर यांचे आकडे काय होते आणि त्याआधी कोणते औषध पोटात गेले होते, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या लक्षणाचा अर्थ लागू लागतो. हे काम घरातली माणसेही करू शकतात, किंबहुना रुग्णाला चोवीस तास पाहणारी तीच असतात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी लिहिला आहे.

चक्करपासूनच सुरुवात करू. पहिला प्रश्न असा विचारायचा : घर फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते? घर फिरत असेल, तर दोष बहुधा आतल्या कानात असतो. तेथे शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांच्या शेजारी असलेले कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण कधी कधी जागा सोडून नलिकेत शिरतात आणि कूस बदलली किंवा मान वर केली की काही सेकंद सगळे गरगरते. मिनिटभरात ते थांबते, पण माणूस घाबरून जातो. डॉक्टर रुग्णाचे डोके ठरावीक पद्धतीने वळवून हे कण पुन्हा जागेवर नेऊ शकतात, त्यामुळे महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहण्याची गरज बहुतेकदा नसते.

अंधारी येण्याचे गणित वेगळे आहे. आपण बसलेल्या जागेवरून उभे राहतो, तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त गुरुत्वाकर्षणाने पोट आणि पायांकडे उतरते. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते, म्हणून आपल्याला एरवी काही जाणवत नाही. पण अंगातले पाणी कमी झाले असेल, रक्तदाबाच्या गोळ्यांचा जोर जास्त होत असेल किंवा प्रोस्टेटच्या त्रासासाठी वाहिन्या सैल करणारी गोळी चालू असेल, तर ही सावरासावर अपुरी पडते आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी मिळते. हे ओळखण्यासाठी रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून १ मिनिटाने आणि पुन्हा ३ मिनिटांनी मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर चक्करचे कारण हाती लागले असे समजावे. घरी रक्तदाबाचे यंत्र असलेली कुटुंबे आता पुष्कळ आहेत, पण ही उभ्याने मोजण्याची चाचणी घरी केली आहे असे सांगणारे नातेवाईक मला क्वचितच भेटले.

विडी कामगार बाईंच्या चक्करमागे अनेकदा रक्त कमी असणे हे कारण निघते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. अशा बाईंना बसल्या जागी फारसे काही होत नाही, पण पाण्याची घागर उचलून जिना चढताना दम लागतो, छातीत धडधडते, बोटे आणि पापण्यांची आतली बाजू फिकट दिसते. लोहाच्या गोळीने विष्ठा काळी होते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे लागते, नाही तर दोन दिवसांत घाबरून गोळी बंद होते. ती गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, हेही सांगावे लागते, कारण आपल्याकडे गोळी आणि चहा यांची जोडी घरोघरी जमलेली आहे.

आणि चक्कर येण्याबरोबर तोंड एका बाजूला वाकले असेल, एक हात उचलत नसेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर मात्र कोणतीही चौकशी करत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो. मेंदूच्या वाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे ‘शेवटचे ठणठणीत केव्हा होते’ ही वेळ घड्याळ पाहून सांगता येणारा नातेवाईक तेथे फार मोलाचा ठरतो. अशा रुग्णाला पाणीसुद्धा पाजू नये, कारण गिळण्याचे स्नायू निकामी झाले असतील तर ते पाणी श्वासनलिकेत उतरते.

आता आकड्यांकडे वळू. प्रौढ माणसाची शांत बसलेली असतानाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, शरीराचे तापमान सुमारे ९८.६ अंश फॅरेनहाइट आणि रक्तातील ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर, हे साधारण प्रमाण झाले. ऑक्सिजन मापकाचा चिमटा लावताना नखांवर गडद नेलपॉलिश नसावे आणि बोटे गार पडलेली नसावीत. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री काहीही घेतलेले नसावे, कारण तंबाखूने नाडी आणि रक्तदाब दोन्ही तात्पुरते वाढतात. पट्टा शर्टाच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत बांधावा.

या सगळ्या आकड्यांत सर्वांत दुर्लक्षित आकडा श्वासाचा आहे आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. मी नवीन असताना ज्या वॉर्डात काम करत होते, तेथे तापमान आणि नाडी मन लावून नोंदली जाई, पण श्वासाच्या रकान्यात सर्वांच्या नावापुढे २० हा आकडा जवळजवळ सवयीने पडत असे. मीही तसेच लिहीत होते. एका रात्री न्यूमोनियाच्या एका वयस्क बाईंचा तक्ता माझ्याकडे आला. ताप उतरलेला होता, नाडी ठीक होती आणि श्वासापुढे तीन वेळा २० लिहिलेले होते, त्यांतला एक आकडा माझ्याच हातचा होता. उशाशी बसलेल्या त्यांच्या सुनेने मला सांगितले, ‘सिस्टर, आई एका दमात वाक्य पुरं करीनात.’ मी घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिटभर त्यांच्या पोटाची हालचाल मोजली, तेव्हा श्वास ३४ भरले. डॉक्टरांना लगेच बोलावले, ऑक्सिजन सुरू झाला आणि बाई वाचल्या. पण त्या रात्रीपासून मी श्वास मोजल्याशिवाय तो रकाना कधी भरला नाही.

रुग्ण खालावू लागला, की इतर आकडे बिघडण्यापूर्वी अनेकदा श्वासाचा वेग वाढलेला असतो. याचे कारण असे, की फुप्फुसात जंतुसंसर्ग असो, रक्तात आम्ल वाढलेले असो किंवा हृदय रक्त पुढे ढकलण्यात कमी पडत असो, शरीर पहिला उपाय म्हणून श्वास वाढवते. श्वास मोजताना रुग्णाला ‘आता श्वास मोजते’ असे सांगू नये, कारण सांगितले की माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी पाहत असल्यासारखे मनगट हातात ठेवावे आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजावे. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या मर्यादा आहेत. दोन महिन्यांहून लहान बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ती न्यूमोनियाची खूण समजून दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर मोजत बसण्याइतकाही वेळ घालवू नये.

सोलापुरात राहणाऱ्यांना ताप आणि उष्माघात यांतला भेद कळणे फार गरजेचे आहे, कारण एप्रिल-मेमध्ये येथला पारा सहज ४२-४३ अंश सेल्सियसला जातो आणि दोन्हींत अंग सारखेच तापलेले लागते. मेंदूच्या तळाशी तापमान ठरवणारे एक केंद्र असते. जंतुसंसर्ग झाला, की शरीरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने त्या केंद्राची ठरलेली पातळी वर सरकवतात. शरीराला वाटते, की आपण आता १०२ वर असायला हवे, पण आहोत तर ९९ वर, म्हणून थंडी वाजून हुडहुडी भरते आणि तापमान वाढवले जाते. पॅरासिटामॉल ही प्रोस्टाग्लँडिन कमी करते, पातळी खाली येते, घाम सुटतो आणि ताप उतरतो.

उष्माघातात मात्र केंद्राची पातळी जागच्या जागी असते. शरीराला तापमान कमीच करायचे असते, पण बाहेरची उष्णता आणि अंगातली श्रमाची उष्णता इतकी साठते, की घामाने ती बाहेर टाकता येत नाही. अशा वेळी पॅरासिटामॉलचा काहीही उपयोग होत नाही, कारण ज्या पातळीवर ती काम करते ती पातळी बिघडलेलीच नसते. उलट तापलेल्या यकृतावर त्या गोळीचा आणखी भार पडतो. पत्र्याच्या छपराखाली, वारा नसलेल्या कारखान्यात आठ-दहा तास उभे राहिलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा झोक जाऊ लागला, शरीराचे तापमान १०४ अंश फॅरेनहाइटच्या पुढे गेले, की तो उष्माघात समजावा, मग त्याची कातडी कोरडी असो वा घामाने ओली. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर ओली चादर टाकून पंखा लावावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नये. आपल्याकडची जाड सोलापुरी चादर भिजली की पाणी पुष्कळ धरते, पण वारा अंगाला लागू देत नाही. त्यापेक्षा जुने सुती धोतर किंवा साडी अधिक बरी, कारण पाण्याची वाफ होण्यानेच शरीर थंड होते.

पॅरासिटामॉल साध्या तापात चांगले औषध आहे, पण त्याची मात्रा पाळावी लागते. प्रौढाला एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. दारूचे व्यसन, यकृताचा आजार किंवा फार कमी वजन असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. मुलांना वयाऐवजी वजनावरून, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. गफलत होते ती अशी, की तापाची गोळी वेगळी घेतली जाते आणि सर्दीच्या किंवा अंगदुखीच्या मिश्र गोळीतही तेच औषध असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते.

आता त्या आजोबांकडे येऊ. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे एकादशी पाळणारी घरे येथे फार आहेत आणि उपवासाच्या श्रद्धेचा मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवे, की मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या सहसा उतरवत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली आणि जेवण केलेच नाही, तर दुपारपर्यंत साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडते, भूक लागते, मग माणूस चिडचिड करतो, विचित्र बोलतो आणि शेवटी बेशुद्ध होतो. हे चिडणे घरच्यांना स्वभाव वाटतो, तेथेच वेळ जातो.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. अजूनही ७० च्या खाली असेल, तर तेच पुन्हा करावे आणि नंतर भाकरी किंवा भात खायला द्यावा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात साखर किंवा पाणी घालू नये, त्याला शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. या गोळ्यांचा अंमल पुष्कळ तास टिकतो, म्हणून साखरपाण्याने माणूस उठून बसला तरी काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते, विशेषतः वृद्धांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत. ‘आता बरे वाटतंय, घरी नेतो’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना थांबवावे लागते ते यासाठी. आणखी एक बाब अशी, की रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड झाकली जाते, फक्त घाम तेवढा दिसतो. त्यामुळे अशा रुग्णाला विनाकारण घाम आला, की आधी साखर तपासावी. उपवास करायचाच असेल, तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून त्या दिवशीची गोळी कमी करायची की वगळायची हे विचारून घ्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि ती सिरिंजच्या टोपणाएवढी लहान आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते. दर मिलिलिटरला १०० युनिट असलेले इन्सुलिनही मिळते, त्याच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. ४० च्या कुपीतले औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात फक्त ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. याच्या उलट झाले, म्हणजे १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले, तर ५० युनिट अंगात जातात आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून जुळवावा. वापरात नसलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, म्हणजे फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. फ्रिज नसलेल्या घरात कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून, बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवली, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात तिचा बराच बचाव होतो.

रात्रपाळीवरून आलेल्या कामगाराची गोष्ट राहिली. अशा रुग्णाच्या चौकशीत कारण हळूहळू उलगडते. उभे राहून गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी दररोज, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी एकत्र, कामावर घाम भरपूर आणि लघवीला वारंवार जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणे. यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर साधी वाटते, पण मूत्रपिंडासाठी हा मेळ फार वाईट आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते, दुखण्याच्या गोळीने ती आवळते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी टेल्मिसार्टनने सैल होते, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. त्यातच लघवीच्या गोळीने आणि घामाने शरीरातले पाणीच कमी झालेले असते. काही दिवसांत लघवी कमी होते, पाय सुजतात, मळमळते आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे क्रिएटिनिन रक्तात वाढलेले निघते. रक्तदाबाच्या रुग्णाने दुखण्याची गोळी परस्पर घेऊ नये, असे आम्ही कळकळीने सांगतो त्याचे कारण हे आहे. हीच गोळी जठराच्या अस्तरालाही जखम करते. डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठा झाली, तर तो आतला रक्तस्राव समजावा. लोहाच्या गोळीने होणारी काळी विष्ठा अशी चिकट नसते आणि तिला तसा वासही नसतो.

औषधाचा परिणाम आजारासारखा दिसतो, तेव्हा घरातले गोंधळतात. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अम्लोडिपिनने घोटे सुजतात, रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने आठवडे टिकणारा कोरडा खोकला येतो आणि क्षयरोगाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्या शेवटच्या रंगाला घाबरून उपचार मध्येच सोडलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून पहिली गोळी देतानाच तो रंग सांगून ठेवावा. घोट्यांची सूज हृदयाच्या कमजोरीनेही येते, पण तेव्हा रात्री आडवे होता येत नाही, दोन-तीन उशा लागतात आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढते. अशा रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर करावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला असेल, तर विडीचा आहे, धुळीचा आहे असे म्हणत न बसता थुंकी तपासावी. ती तपासणी आणि क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

छातीतल्या दुखण्याविषयी सोलापुरात भाषेचाही प्रश्न येतो. येथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरोघरी बोलली जाते. ‘नोप्पी’ म्हणजे तेलुगूत दुखणे आणि ‘नोवु’ म्हणजे कन्नडमध्ये दुखणे, एवढे येथल्या परिचारिकेला लवकरच कळते. ‘गुंडे नोप्पी’ म्हणजे हृदयात दुखणे, हे न कळल्यामुळे वेळ जाऊ नये. पण त्याहून मोठी अडचण ‘गॅस झालाय’ या शब्दांची आहे. हृदयविकाराचा झटका दर वेळी छातीत कळ घेऊन येत नाही. छातीवर वजन ठेवल्यासारखे वाटणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे, थंड घाम सुटणे या नेहमीच्या खुणा आहेत, पण स्त्रियांना, वृद्धांना आणि मधुमेहींना कधी कधी फक्त दम लागतो, मळमळते किंवा ‘घाबरं घाबरं’ होते. मधुमेहात वेदना पोहोचवणाऱ्या नसा बधिर झालेल्या असतात, हे त्याचे एक कारण आहे. अशा रुग्णाला सोडा किंवा जिऱ्याचे पाणी देत वाट पाहू नये आणि चालवत जिना उतरवू नये. शेजाऱ्याच्या सल्ल्याने जिभेखाली सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी ठेवण्याची पद्धत पडली आहे, ती धोक्याची आहे, कारण त्या गोळीने रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि आधीच दाब कमी असलेला रुग्ण कोसळू शकतो. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा दंडक आहे आणि तो मागण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

जुलाबांबद्दल थोडक्यात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात घालून पाजली, तर क्षारांचे प्रमाण बिघडून बाळाचा त्रास वाढतो. आतड्यात ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, म्हणून ग्लुकोज आणि मीठ यांचे प्रमाण नेमके लागते. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालावे. तयार केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे.

शेवटी त्या कॅरीबॅगविषयी, जी प्रत्येक रुग्णाबरोबर वॉर्डात येते. ती टेबलावर उलटी केली, की अर्धवट वापरलेल्या पट्ट्या, शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या, मुदत संपलेले मलम आणि दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बाहेर पडतात. एकदा अशाच पिशवीत मला दोन वेगळ्या नावांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या मिळाल्या. आजी दोन्हींतली एकेक गोळी महिनाभर नेमाने घेत होत्या. नावाखालची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली, तर दोन्हींवर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमच होते. कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे मूळ नाव बारीक छापलेले असते, म्हणून हे घडते. तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाला एक वही करायला सांगते. तिच्यात औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, घेण्याची वेळ आणि सुरू केल्याची तारीख लिहायची आणि त्याच पानावर त्रास झाल्याची वेळ व त्या वेळचे आकडे लिहायचे.

पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक घरातल्या सुनेने ही वही निम्मी तेलुगूत आणि निम्मी मराठीत लिहून आणली होती. सासऱ्यांना चक्कर येत होती आणि त्याआधी दोन ठिकाणी चक्करच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. तिच्या वहीतली नोंद अशी होती : ‘मंगळवार. रात्री ९ वाजता प्राझोसिनची पहिली गोळी. रात्री ११ वाजता लघवीला उठताना अंधारी आली, पडले. साखर १०४. आडवे असताना बीपी १३०, उभे केल्यावर ९६.’ डॉक्टरांनी ती नोंद वाचली, वही मिटून तिच्या हातात दिली आणि चक्करची गोळी खोडून प्राझोसिन या वाहिन्या सैल करणाऱ्या गोळीची मात्रा निम्मी लिहिली. उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचे, हे सासऱ्यांना तिने तिथेच तेलुगूत दोनदा समजावून सांगितले आणि मग तेही वहीत लिहून घेतले.